सोव्हिएत सिग्नलमनचं ‘झा अत्वागू’ पदक: या चुका टाळा

‘शौर्यासाठी’ दिलं जाणारं हे चांदीचं पदक १७ ऑक्टोबर १९३८ रोजी सुरू झालं. आपले नवे संग्राहक ते हाती पडलं की आधी टूथपेस्ट चोळतात. चोळू नका. अक्षरांतलं लाल इनॅमल खरवडलं जातं आणि जुना काळसरपणा गेला तो गेलाच. मी मऊ फडक्यापलीकडे जात नाही.

दुसरी चूक म्हणजे अर्धवट वाचून ‘नकली’ म्हणून मोकळं होणं. एका उतावळ्या पोराने पदकावर कोरलेला नंबर कमी असलेलं, म्हणजे सुरुवातीच्या काळातलं पदक घेतलं. ते पंचकोनी पट्टीवर, निळ्या कडांच्या करड्या फितीला लटकलेलं. सुरुवातीची पदकं तर लाल फितीच्या छोट्या आयताकृती पट्टीवर असत, एवढं त्याने कुठेतरी वाचलेलं. विक्रेत्याशी भांडून त्याने ते परत केलं, मग मला फोटो दाखवला. अरे, जून १९४३ च्या हुकुमाने फीत बदलली आणि जुन्या पदकांनाही नवी पट्टी लागली! तोवर पदक दुसऱ्याने उचललं होतं. मी आधी पदक तपासतो, फीत सगळ्यात शेवटी.

नुसत्या नंबरावरून सैनिकाचं नाव शोधत बसू नका. सोबत पुरस्कार-पुस्तिका असेल तर तिच्यातला नंबर जुळवा. नाव मिळालं की रशियन संरक्षण मंत्रालयाच्या ‘पोद्विग नरोदा’ या संकेतस्थळावर जा. पण तिथेही पहिल्याच इवानोववर झडप घालू नका. वडिलांचं नाव, जन्मवर्ष, तुकडी, सगळं जुळलं पाहिजे.

आणि पदक देण्याच्या आदेशात सैनिकाच्या कामगिरीबद्दल दोन-तीनच ओळी निघाल्या म्हणून नाक मुरडू नका. नोव्हेंबर १९४२ पासून हे पदक रेजिमेंटचा कमांडरच देऊ शकत असे. ‘तोफमाऱ्यात टेलिफोनची तार इतक्या वेळा जोडली’, एवढंच लिहिलेलं असतं. तार तुटली की तोफखाना आंधळा. मग सिग्नलमन, म्हणजे टेलिफोनची तार सांभाळणारा हा गडी, तार हातात धरून, सरपटत तुटलेलं टोक शोधायला जाणार. तुटलेल्या तारेची टोकं दातांत धरून संपर्क जोडल्याची गोष्ट विक्रेते प्रत्येक सिग्नलमनला चिकटवतात. ती स्टालिनग्राडच्या मात्वेइ पुतीलोवची, आणि त्याला मरणोत्तर मिळाली ती ‘देशभक्तीपर युद्धाची ऑर्डर’, हे पदक नव्हे.

आजच्या रशियाचं याच नावाचं पदक ३४ मिमीचं आहे आणि त्यावर ‘СССР’ (सोव्हिएत संघाची रशियन आद्याक्षरं) नाही. सोव्हिएत ३७ मिमीचं. पैसे देण्याआधी कॅलिपर लावा.