नवीन वर्षात नवा लूक हवाय? आधी आजीचं लुगडं बाहेर काढा

नवीन वर्ष आलं म्हणून लगेच ऑनलाइन ऑर्डर टाकू नका, आधी कपाट रिकामं करा, आणि आपल्या कोकणात त्यासाठी जानेवारीसारखा महिना नाही, हवा कोरडी असते, पावसाळ्यापासून कपड्यांत मुरलेला कुबट वास जायला हीच वेळ. सगळं खळ्यात वाऱ्यावर टाका, रेशमी आणि जरीचं मात्र सावलीतच, उन्हात रंग उडतो. घामाने अंगाला चिकटणारं पॉलिएस्टर सरळ देऊन टाका.

आता खरी मजा. घरात जुनं सुती नऊवारी असेलच, ९ वार म्हणजे जवळपास ८.२ मीटर कापड! साध्या कुर्त्याला अडीच मीटर धरलं तरी तीन निघतात. आजीच्या हिरव्या लुगड्याचा मी मालवणात कुर्ता शिवून घेतला, काठ बटणपट्टीला आणि बाह्यांना लावला, इतका मऊ झालाय की दुसरं काही घालावंसंच वाटत नाही. फक्त टेलरकडे देण्याआधी कापड उजेडासमोर धरून बघा, कुठे विरलं असेल तर तिथे खडूने खूण करा म्हणजे तो भाग वगळून कापता येतं.