चेक साहित्य शिकायला घेताना: साल कुठलं, आवृत्ती कुठली?

आधुनिक चेक साहित्याला हात घालणारे बहुतेकजण लेखक आणि सालांची यादी पाठ करतात, आणि फसतात. इथे एकेका पुस्तकाला तीन-चार सालं असू शकतात: लिहिल्याचं, टंकलेखन यंत्रावर प्रती काढून वाटल्याचं, परदेशात छापल्याचं, मायदेशी उघडपणे छापल्याचं. टिपणवहीत पहिल्या दिवसापासून यांचे वेगळे रकाने आखा.

बोहुमिल ह्राबाल यांची रद्दी दाबणाऱ्या हान्त्याची कादंबरी घ्या (नावाचा अर्थ ‘फारच गोंगाटी एकांत’). आधी ती मुक्त पद्यात लिहिली गेली, मग प्रागच्या बोलीत, मग प्रमाण चेकमध्ये. १९७०च्या दशकात ती टंकलिखित प्रतींतून फिरली, देशात अधिकृतपणे आली १९८९ साली. फक्त छापील साल धरलंत, तर १९६८च्या रशियन आक्रमणानंतरच्या बंदीच्या काळातलं पुस्तक थेट कम्युनिस्ट राजवटीच्या शेवटाला जाऊन बसतं. अशा प्रतींची सगळ्यात नावाजलेली मालिका लेखक लुद्विक वात्सुलीक यांची ‘पेत्लित्से’, म्हणजे दाराची कडी. पातळ कागदांमध्ये कार्बन घालून एका वेळी दहाबारा प्रती निघत. खालच्या प्रती इतक्या पुसट की अक्षरं ताडावी लागत. टोरांटोत १९७१पासून देश सोडून गेलेल्या श्क्वोरेत्स्की या लेखक दांपत्याची प्रकाशनसंस्था हेच साहित्य छापत होती.

इंग्रजीतून वाचणार असाल तर अनुवादाचं सालही बघा. हाशेकच्या ‘श्वेइक’ या शिपायाच्या विनोदी कादंबरीचा १९३०चा पॉल सेल्व्हरकृत अनुवाद संक्षिप्त आहे, पूर्ण हवा तर सिसिल पॅरटचा १९७३चा. हाशेक १९२३ साली चौथा भाग अर्धा टाकून वारला. कारेल वानेकने पुढे लिहिलेला मजकूर हाशेकचा म्हणून उद्धृत करू नका. कुंदेराच्या ‘झेर्त’ (१९६७) कादंबरीच्या पहिल्या इंग्रजी आवृत्तीत काटछाट झाली, क्रमही बदलला. लेखकाने स्वतः तपासलेली आवृत्ती १९९२ची.

मूळ चेकमध्ये वाचायचं असेल तर पाठ्यपुस्तकांप्रमाणे माखाच्या ‘माय’, म्हणजे मे महिना (१८३६), या काव्यापासून सुरुवात करू नका. ते थोर आहे, पण आरंभीच दमवतं. चापेकच्या १९२९च्या ‘खिशातल्या गोष्टी’ घ्या: छोट्या, सरळ वाक्यांच्या, बोलक्या. मग यान नेरुदा (चिलीचा पाब्लो नव्हे), मग बोझेना न्येम्त्सोव्हाची ‘बाबिच्का’, म्हणजे आजी (१८५५). जुन्या गद्यात ‘जाऊन’, ‘जाताना’सारखी धातुसाधितं भेटतात, आणि आज ‘-त’ने संपणारी क्रियापदाची मूळ रूपं ‘-ति’ने संपतात. आजच्या बोलण्यात ही जवळपास नाहीत, म्हणून नवखा अडतो. चेक भाषा संस्थेच्या संकेतस्थळावरच्या भाषा-मार्गदर्शिकेत प्रत्येक नामाच्या सातही विभक्ती मिळतात. ती उघडी ठेवूनच वाचा.

श्वेइकचं बोलणं प्रमाण चेक नव्हे. ‘दोब्री’चं ‘दोब्रेय’, ‘ओक्नो’चं ‘वोक्नो’ होतं. कोशात शब्द सापडत नाही तो बहुधा यामुळे. निवेदक मात्र प्रमाण भाषेत बोलतो, आणि अर्धा विनोद त्या फटीत आहे. ‘पाणी’ आणि ‘पानी’ यांतलं अंतर ज्याच्या कानाला कळतं त्याला हे पटकन उमगेल. उच्चारातही मराठी माणूस एका बाबतीत नशीबवान: नुसतं चेक ‘सी’ (c) म्हणजे ‘चाक’मधला च, वर खूण असलेलं म्हणजे ‘चार’मधला. कोशात ‘ख’ उच्चाराचं जोडाक्षर (ch) मात्र ‘ह’च्या नंतर शोधा, ‘सी’खाली नव्हे.

राहिलं १८१७ साली भाषाभ्यासक हांका यांनी ‘सापडलं’ म्हणून जाहीर केलेलं द्वूर क्रालोवे गावचं हस्तलिखित. ते मध्ययुगीन नाही, बनावट आहे. १८८६पासून भाषाशास्त्रज्ञ गेबाउअर आणि तत्त्वज्ञ मासारिक यांनी हा वाद उघडपणे लढवला. तरी ते वगळू नका. एकोणिसाव्या शतकातले कवी आणि चित्रकार त्याच्यावर पोसले. त्याची नोंद करताना फक्त साल १८१७ लिहा, तेरावं शतक नव्हे.