गाडी हलण्याआधीची पाच मिनिटे

नव्या मोटारीची चावी हाती देताना शोरूममधला मुलगा दहा-पंधरा मिनिटांत सगळी बटणे दाखवून टाकतो, आणि आपण हार घातलेल्या बॉनेटकडे बघत मान डोलावत राहतो. त्यामुळे कोणते बटण कशाचे हे बहुतेकांना पुढे रस्त्यावरच, चालत्या गाडीत, एका हाताने चाचपडत शिकावे लागते. मोटारीतल्या सोयींचा खरा धोका इथे आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. म्हणजे पडद्यावर गाणे शोधायला दोनच सेकंद नजर खाली गेली तरी तेवढ्यात ४४ मीटर रस्ता न बघता संपलेला असतो. आपल्याकडच्या रस्त्यावर तेवढ्या अंतरात एक म्हैस, एक दुचाकी आणि दुभाजकातली एक मोकळी फट सहज मावते. म्हणून पुढे सांगितलेली बहुतेक कामे गाडी दारात उभी असतानाच उरकावीत. त्यांना पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

सुरुवात मोबाईलपासून करावी. ब्लूटूथची पहिली जोडणी घरीच, गाडी बंद किंवा न्यूट्रलमध्ये ठेवून आणि हँडब्रेक ओढून करावी. जोडणी करताना गाडीची यंत्रणा संपर्कयादी आणि संदेश वाचण्याची परवानगी मागते. संपर्कयादी दिल्यास नाव उच्चारून फोन लावता येतो, म्हणून ती द्यायला हरकत नाही. संदेशांची परवानगी मात्र विचार करून द्यावी, कारण गाडीत पाहुणे बसलेले असताना आपले निरोप मोठ्या पडद्यावर झळकणे कोणालाच नको असते. भाड्याच्या गाडीला मोबाईल जोडला असेल तर ती परत करताना, आणि स्वतःची गाडी विकताना, पडद्यावरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आपला फोन न विसरता काढून टाकावा. जुन्या मालकाची अख्खी संपर्कयादी नव्या मालकाच्या पडद्यावर दिसत असल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

नकाशात ठिकाण टाकायचे तेही निघण्यापूर्वीच. माहूर-किनवटच्या जंगलपट्ट्यात आणि बालाघाटाच्या वळणांवर रेंज जाते, तेव्हा त्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून घ्यावा. मग नेटवर्क गेले तरी रस्ता दिसत राहतो. आवाजी सूचना चालू ठेवाव्यात, कारण कानाने ऐकलेले वळण घेण्यासाठी नजर रस्त्यावरून हलवावी लागत नाही. अर्थात नकाशा दाखवील तो प्रत्येक रस्ता खरा मानू नये. पावसाळ्यात पुलावरून पाणी जात आहे की नाही हे त्याला कळेलच असे नाही. ते फाट्यावरच्या टपरीवाल्याला नक्की ठाऊक असते.

मोबाईल ठेवण्याची जागा हा वाटतो त्यापेक्षा मोठा विषय आहे. समोरच्या काचेवर रबरी टोपीने चिकटवलेला होल्डर उन्हाने सैल होतो आणि नेमका एखाद्या खड्ड्यात मोबाईलसह सुटून पायाशी पडतो. एसीच्या झडपेला अडकवायचा होल्डर त्यामानाने बरा, कारण उन्हाळ्यात मोबाईलला थंड हवाही मिळते. डॅशबोर्डवर ज्या भागावर ‘एअरबॅग’ ही अक्षरे कोरलेली असतात तिथे होल्डर, घड्याळ, अत्तराची बाटली किंवा देवाची मूर्ती चिकटवू नये. एअरबॅग पापणी लवण्याआधी फुगते आणि तिच्यावर ठेवलेली वस्तू समोर बसलेल्याच्या तोंडावर भिरकावली जाते. तुळजाभवानीची मूर्ती गाडीत जरूर असावी. ती आकाराने लहान, वजनाने हलकी आणि एअरबॅगपासून दूर, डॅशबोर्डच्या मधल्या भागात बसवलेली असावी.

कायदाही याबाबतीत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार गाडी चालवताना मोबाईल हातात धरून वापरणे हे धोकादायक वाहन चालवणे ठरते, आणि पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. केंद्रीय नियमांत २०२० साली झालेल्या दुरुस्तीने चालकाला केवळ रस्ता पाहण्यासाठी मोबाईल वापरण्याची मुभा दिली, पण तीही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. हात मोकळे ठेवून बोलणे हा त्यावरचा पुरता इलाज नव्हे. हात स्टिअरिंगवर असले तरी मन शेताच्या बांधाच्या वादात असेल तर समोरचा लाल दिवा डोळ्यांना दिसूनही डोक्यापर्यंत पोहोचत नाही. माझा नियम साधा आहे. पाहुण्यांचा फोन आला आणि पलीकडून “कुठपर्यंत आलाव?” असे विचारले गेले, की “गेवराई ओलांडली, तासाभरात येतो” एवढे बोलून फोन ठेवायचा. त्याहून मोठी गोष्ट असेल तर शेजारी बसलेल्याने बोलावे, किंवा ढाबा बघून गाडी बाजूला घ्यावी. मोबाईल पायाशी पडलाच, तर गाडी थांबेपर्यंत तो तिथेच पडू द्यावा.

चार्जिंगसाठी गाडीत जो १२ व्होल्टचा गोल सॉकेट असतो त्याची क्षमता झाकणावर किंवा माहितीपुस्तिकेत लिहिलेली असते, बहुधा १२० वॅट. त्यात एकाला तीन जोडणारे स्वस्त यंत्र घालून त्यावर मोबाईल, हवा भरायचा पंप आणि लहान व्हॅक्यूम क्लीनर एकदम चालवले की फ्यूज उडतो, आणि तोच फ्यूज जाड तारेने जोडून देणारा कोणी भेटला तर पुढचा प्रकार आगीचा असतो. काही गाड्यांत हा सॉकेट इंजिन बंद असतानाही चालू राहतो. अशा गाडीत चार्जर रात्रभर लावून ठेवल्यास सकाळी धक्का मारायला शेजारी गोळा करावे लागतात.

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचे आतले तापमान त्याहून बरेच वर चढते, आणि डॅशबोर्डला तर हात लावता येत नाही. मोबाईल, पॉवर बँक, गॅसचा लायटर, डिओडरंटचा डबा, सॅनिटायझर या वस्तू अशा गाडीत मुळीच सोडू नयेत. स्प्रेच्या डब्यावर ५० अंशांपेक्षा जास्त उष्णतेत ठेवू नका असे छापलेलेच असते, ते आपण वाचत नाही एवढेच. लहान मूल किंवा म्हातारे माणूस “दोन मिनिटांत येतो” म्हणून आत बसवून जाणे, हे तर कोणत्याही कारणासाठी करू नये.

अशा तापलेल्या गाडीत बसताना आधी चारही काचा खाली करून आतली गरम हवा जाऊ द्यावी, गाडी थोडी चालू लागली की एसी लावावा, आणि गारवा आल्यावर आतलीच हवा फिरवणारे बटण दाबावे. लांबच्या प्रवासात मात्र ते बटण तासन्‌तास दाबून ठेवू नये. चार-पाच माणसांच्या श्वासाने आतली हवा कोंदट होते आणि चालकाला जांभया येऊ लागतात, म्हणून अधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावी. पावसाळ्यात काच आतून धुरकट झाली की पुष्कळजण फडक्याने पुसू लागतात. त्याऐवजी एसी चालू ठेवून, बाहेरची हवा घेऊन, झोत समोरच्या काचेवर सोडणारे बटण दाबावे; मिनिटभरात काच स्वच्छ होते. ते बटण कुठे आहे हे पाऊस येण्याआधी शोधून ठेवलेले असावे. या बाबतीत मला जुन्या गाड्यांची गोल फिरणारी बटणेच अधिक शहाणी वाटतात. ती न बघता बोटांना सापडत. आता एसी कमी करायलाही पडद्यावर तीन ठिकाणी बोट टेकवावे लागते.

क्रूझ कंट्रोल, म्हणजे पायाने ॲक्सिलरेटर न दाबता ठरवलेला वेग कायम राखणारी सोय, सरळ, मोकळ्या आणि कोरड्या रस्त्यासाठी आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, त्यावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा, आणि जालना-संभाजीनगरच्या पट्ट्यात तो पट्टीने आखल्यासारखा जातो. तिथे पायाला काम उरले नाही की डोळा लागायला वेळ लागत नाही. तासा-दीड तासाने थांबावे, चहा घ्यावा, आणि क्रूझ लावलेला असला तरी उजवा पाय ब्रेकजवळच ठेवावा. घाटात, पावसात आणि सोलापूर-धुळे महामार्गावर उसाच्या हंगामात ही सोय बंदच ठेवावी. रात्री मागे दिवा नसलेली, उसाने ओसंडणारी ट्रॉली पुढे असेल, तर ती आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेला वेळेत दिसेलच या भरवशावर राहू नये.

काचा, चावी आणि मागचा कॅमेरा यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो. मागे मुले असतील तर चालकाच्या दारावरचे काचा बंद करणारे कुलूप आणि मागच्या दारांची मुलांसाठीची खिटी लावावी, आणि सनरूफमधून डोके बाहेर काढण्याचा हट्ट पहिल्याच दिवशी मोडावा. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीत चावी खिशात घेऊन उतरले तरी इंजिन चालूच राहू शकते, म्हणून उतरण्यापूर्वी ते बंद झाल्याची खात्री करावी. चावीतला सेल संपला तर बऱ्याच गाड्यांत ती चावी स्टार्टच्या बटणालाच टेकवून गाडी सुरू करता येते. कॅमेऱ्यावर चिखल उडालेला असतो आणि अंगणातले रांगते मूल त्याच्या कडेला राहून जाते. तेव्हा मागे घेण्यापूर्वी एकदा उतरून बघावे.

आता सामानाविषयी, ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. काही वर्षांपूर्वी बीडकडे येताना मांजरसुंब्याचा घाट उतरत असताना शेजारच्या सीटवर ठेवलेली स्टीलची बाटली वळणावर घरंगळली आणि माझ्या पायाशी आली. ब्रेक दाबला तर तो अर्ध्यावरच अडकला. बाटली आडवी होऊन पेडलखाली बसली होती. पुढे उतारावर ट्रक होता. हँडब्रेक हळूहळू ओढत आणि गिअर खाली टाकत गाडी कशीबशी कडेला आणली, आणि बाटली बाहेर काढली तेव्हा तिच्यावर पेडलची धार उमटलेली दिसली. तेव्हापासून माझ्या गाडीत बाटली दाराच्या कप्प्यात किंवा कपाच्या खाचेत घट्ट बसत नसेल, तर ती मागच्या माणसाच्या हातात असते. चालकाच्या पायाखाली जास्तीची, खिळ्यांना न अडकवलेली चटईही घालू नये; तीसुद्धा पुढे सरकून पेडलवर चढते.

गाडी जोरात थांबली की आतली मोकळी वस्तू मूळ वेगानेच पुढे जात राहते. त्यामुळे डॅशबोर्डचा कप्पा नेहमी बंद ठेवावा आणि त्यात कागदपत्रे, टॉर्च, चष्मा अशाच वस्तू असाव्यात. मागच्या काचेखालच्या फळीवर छत्री, खेळणी, लोणच्याची बरणी असे काही ठेवू नये. ती फळी वजन पेलण्यासाठी नसतेच, आणि तिच्यावरची वस्तू सरळ मागच्या प्रवाशाच्या डोक्यात येते. जॅक आणि पाना गोणपाटात गुंडाळून स्टेपनीजवळ पक्के बांधावेत. पंक्चर झाल्यावर मागे लावायचा परावर्तक त्रिकोण मात्र पोत्यांच्या तळाशी जाऊ देऊ नये, कारण तो लागतो तेव्हा अंधार असतो.

आमच्याकडे मोटार ही अर्धी टेम्पोच असते. शेतातल्या आखाड्यावरून ज्वारीचे पोते, सासुरवाडीहून केशर आंब्याचे कॅरेट, आणि मोंढ्याच्या बाजारातून येता येता खताची बॅग. जड माल डिकीत तळाला आणि मागच्या सीटच्या पाठीला भिडवून ठेवावा, हलका माल वर ठेवावा, आणि काहीही मागच्या सीटच्या उंचीवर जाऊ देऊ नये. सीट मोडून जागा केली असेल तर दोरी किंवा पट्ट्याने माल बांधावा. फवारणीचे औषध मात्र माणसांबरोबर नेऊच नये. हॅचबॅकची डिकी आणि प्रवाशांची जागा एकच असते, बाटलीचे झाकण किंचित पाझरले तरी बंद काचा आणि फिरत्या हवेत तो वास सगळ्यांच्या श्वासात जातो, आणि तीच डिकी दुसऱ्या दिवशी भाजी आणायला वापरली जाते. न्यावेच लागले तर दुचाकीच्या कॅरियरला किंवा उघड्या गाडीत, बाटली सरळ उभी राहील अशा घट्ट खोक्यात न्यावे. कॅनमधून पेट्रोल नेणेही तितकेच वाईट.

माल भरल्यावर दोन गोष्टी राहून जातात. चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या कागदावर भरलेल्या गाडीसाठी टायरमधल्या हवेचा वेगळा आकडा दिलेला असतो. तो बघून तेवढी हवा भरून घ्यावी. दुसरे म्हणजे मागे वजन आले की गाडीचे नाक वर उचलले जाते आणि हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातो. त्यासाठी स्टिअरिंगच्या उजवीकडे खाली, अनेक गाड्यांत, शून्य ते तीन असे आकडे असलेली एक छोटी चक्री असते, जी कित्येक मालकांनी कधी फिरवलेलीच नसते. डिकी भरलेली असेल तर ती दोनवर किंवा तीनवर न्यावी, रात्री भिंतीवर झोत कुठे पडतो ते बघून घ्यावे, आणि घरी माल उतरवला की ती पुन्हा शून्यावर आणावी.