सामाजिक प्रश्न तपासायचा कसा : दिव्याची लोकल आणि गावठाणातले घर

ठाण्याजवळच्या दिवा स्थानकावर सकाळी गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या कोणालाही विचारले की लोकलमधून माणसे का पडतात, तर उत्तरासाठी त्याला क्षणभरही थांबावे लागत नाही. गाड्या कमी आहेत, असे एक जण सांगतो. लोक उगाच दारात लटकतात, असे दुसरा सांगतो. बाहेरून येणाऱ्यांची संख्या फार वाढली, हे तिसऱ्याचे उत्तर असते. या तिघांची माहिती कमी-जास्त असेलही, पण त्यांची उत्तरे वेगळी येतात याचे मोठे कारण असे की तिघेही वेगवेगळ्या प्रश्नाला उत्तर देत असतात. पहिला सेवेबद्दल बोलतो, दुसरा वर्तनाबद्दल आणि तिसरा शहराच्या वाढीबद्दल. कोणाचे बरोबर, हे ठरवण्याआधी प्रश्न कोणी, कोणत्या शब्दांत आणि कशासाठी मांडला आहे, हे तपासावे लागते. महाविद्यालयात प्रकल्प करणाऱ्या, वादविवाद स्पर्धेची तयारी करणाऱ्या किंवा गृहनिर्माण संस्थेच्या सभेत नुसता आवाज चढवण्याऐवजी काही मुद्द्याचे बोलू इच्छिणाऱ्या वाचकांसाठी ही तपासणीची एक पद्धत येथे मांडली आहे. तिला एक वही, महिनाभराची वर्तमानपत्रे आणि थोडा धीर एवढेच साहित्य लागते.

विषय घराजवळचा आणि लहान निवडावा. ‘बेरोजगारी’ किंवा ‘भ्रष्टाचार’ असे शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहिले की शेवटच्या पानापर्यंत तेच राहतात, हा माझा अनुभव आहे. निवडलेला विषय एखाद्याची खासगी अडचण आहे की सार्वजनिक प्रश्न, हे मात्र सुरुवातीलाच पाहावे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये हा भेद बेकारीच्या उदाहरणाने समजावला होता. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचे कारण त्या माणसाचे कौशल्य, स्वभाव आणि संधी यांत शोधावे. पण पाच कोटी कामकऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर ते कारण एकेका माणसात सापडणार नाही. एखाद्याची सकाळची गाडी चुकणे ही त्याची अडचण आहे. डोंबिवली किंवा कल्याणपर्यंत उलटे जाऊन, तिथून जागा पकडून मुंबईकडे येण्याची सवय हजारो माणसांना लागते, तेव्हा ती सवय माणसांची नसून वेळापत्रकाची असते.

नावे गोळा करणे

यानंतर त्या विषयाला वापरली जाणारी सर्व नावे जमवावीत आणि प्रत्येक नावापुढे ते कोणाच्या तोंडी ऐकले, ते लिहावे. या कामाला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण पुढचा बहुतेक वाद नावातच दडलेला असतो.

नवी मुंबईतील उदाहरण पाहू. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. शेती गेली, मिठागरे गेली, गावठाणे मात्र जागेवर राहिली. त्या गावठाणांत आणि त्यांच्या भोवती पुढील पन्नास वर्षांत जी घरे झाली, त्यांना आज निदान पाच नावे आहेत. नोटिशीत ते ‘अनधिकृत बांधकाम’ असते. प्रकल्पग्रस्तांच्या निवेदनात तेच ‘गरजेपोटी बांधलेले घर’ होते. शेजारच्या सेक्टरमधील सोसायटीच्या सभेत त्याला सरळ ‘अतिक्रमण’ म्हणतात. दलाल त्याला ‘गावठाणातली रूम’ म्हणून स्वस्तात दाखवतो, आणि तिथे दहा वर्षे भाड्याने राहणारी बाई त्याला ‘आमचे घर’ म्हणते.

यातील ‘गरजेपोटी’ हा शब्द विशेष लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे, कारण त्यात वस्तूचे वर्णन नाही, कारण आहे. आरोप होण्याआधीच बचाव नावात बसवलेला आहे. ‘अनधिकृत’ या शब्दाला फक्त परवानगीचा कागद दिसतो, म्हणून त्याची गोष्ट वीट रचली त्या दिवशी सुरू होते. ‘गरजेपोटी’ची गोष्ट १९७० पासून सुरू होते : जमीन गेली, मोबदला तुटपुंजा मिळाला, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात आंदोलकांवर गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली, दरम्यान मुलांची लग्ने झाली, कुटुंबे वाढली आणि गावठाणाची हद्द मात्र वाढली नाही. म्हणून वहीत प्रत्येक नावापुढे आणखी एक गोष्ट नोंदवावी, ती म्हणजे ही बाजू आपली हकीकत कोणत्या सालापासून सांगते. दोन बाजूंची साले वेगळी असतील, तर त्या एकमेकींना उत्तर देत नसून दोन स्वतंत्र हकीकती सांगत आहेत, हे लगेच ध्यानात येते.

माझे मत विचाराल, तर दोन्ही शब्द काही ना काही झाकतात. ‘अनधिकृत’ म्हटल्याने संपादनाचा इतिहास दिसेनासा होतो, आणि ‘गरजेपोटी’ या छत्रीखाली मुलासाठी चढवलेल्या मजल्याबरोबर विक्रीसाठी उभारलेली पाच मजली इमारतही पावसातून निभावून जाते.

एकाच वस्तूचे नाव काळानुसार बदलते तेही टिपावे. ठाणे जिल्ह्यातील शीळ फाट्याजवळची बांधकाम चालू असलेली इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि ७४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवसापर्यंत अशा इमारती ‘परवडणारे घर’ म्हणून विकल्या जात होत्या. दुसऱ्या दिवशी त्याच ‘मृत्यूचे सापळे’ झाल्या. विटा, सिमेंट आणि कागदपत्रे त्या एका रात्रीत बदलली नव्हती.

वाक्यातला कर्ता शोधणे

मराठी व्याकरण शाळेत सुटते, ते येथे कामाला येते. जमवलेल्या बातम्या, नोटिसा आणि भाषणे यांतील क्रियापदांखाली रेघ ओढावी आणि प्रत्येकाचा कर्ता शोधावा. ‘शहरात अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या’ या वाक्यात इमारती आपल्या पायांनी उभ्या राहतात. ज्याने जागा दिली, ज्याने पैसे घातले, ज्याने जोत्याच्या वेळी पाहूनही पाहिले नाही, त्यांपैकी कोणीही वाक्यात नसतो. ‘कारवाई करण्यात आली’ या सरकारी रचनेत कारवाई होते, करणारा मात्र नाहीसा होतो. उलट ‘दारात लटकणे जिवावर बेतले’ या मथळ्यात लटकणे हाच कर्ता होतो आणि गर्दी, वेळापत्रक, वळण यांना वाक्यात जागाच उरत नाही. ‘लोकलने घेतला आणखी एक बळी’ असे लिहिणारा गाडीला राक्षस करून मोकळा होतो, आणि राक्षसाला जाब विचारता येत नाही.

अशी पंचवीस-तीस वाक्ये समोर ठेवली, की कोणत्या बाजूला कोणता कर्ता लपवायचा आहे, ते दिसू लागते. हे दर वेळी जाणूनबुजून होते असे मानू नये. पुष्कळदा ती नुसती लिहिण्याची सवय असते. पण सवयीनेही जबाबदारी इकडची तिकडे जाते.

आकडा कोणत्या खान्यातला?

आकडेवारी हाती आली की ती खरी की खोटी, एवढेच विचारून भागत नाही. ती कोणत्या खान्यात मोजली आहे, हे विचारावे. रूळांवर मृतदेह सापडला, तर लोहमार्ग पोलिसांना ठरवावे लागते की माणूस गाडीतून पडला, रूळ ओलांडताना गेला, खांबाला आपटला की त्याने आत्महत्या केली. पाहणारा कोणी नसेल, तर हा निर्णय खुणांवरून होतो. त्यावर शहराची आकडेवारी उभी राहते, आणि घरच्यांना भरपाई मिळेल की नाही हेही बरेचसे त्यावरच ठरते.

कारण १९८९ च्या रेल्वे कायद्यात प्रवाशाच्या दोन प्रतिमा शेजारी शेजारी नांदतात. कलम १५६ नुसार इशारा देऊनही टपावर किंवा पायरीवरून प्रवास करणे हा गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या कलम १२३ मध्ये प्रवासी गाडीतून अपघाताने पडणे ही ‘अनपेक्षित घटना’ मानली आहे, आणि कलम १२४ अ अन्वये रेल्वेची चूक सिद्ध न करताही भरपाई मागता येते. आत्महत्या, स्वतःला करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशा अशी कारणे मात्र वगळली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की प्रवाशाचा निष्काळजीपणा म्हणजे स्वतःला करून घेतलेली इजा नव्हे, आणि मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा बाद होत नाही. मृत्यूची भरपाई १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख रुपये आहे. रूळ ओलांडणारा मात्र कलम १४७ खाली अतिक्रमक ठरतो. पादचारी पूल फलाटाच्या दुसऱ्या टोकाला असल्यामुळे रूळ ओलांडणारा आणि आत जागा न मिळाल्यामुळे दारातून पडलेला हे एकाच गर्दीचे दोन प्रवासी असले, तरी कायद्याच्या वहीत पहिला आरोपी आहे आणि दुसरा बळी.

खाने कसे पाडले आहेत, हे माहितीच्या अधिकारातून विचारता येते. अर्जाचे शुल्क दहा रुपये असते आणि उत्तराची मुदत सर्वसाधारणपणे तीस दिवसांची. सिडको, महापालिका यांसारख्या राज्यातील यंत्रणांकडे अर्ज करताना महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द ही मर्यादा पाळावी. रेल्वे केंद्राच्या अखत्यारीत येते, तिथे ५०० शब्दांपर्यंत मुभा आहे. अर्जात ‘असे का होते’ हे विचारू नये, कारण ‘का’ची नोंद दप्तरात नसते. ‘मृत्यूंचे वर्गीकरण करताना वापरण्यात येणाऱ्या प्रकारांची यादी व त्याबाबतच्या लेखी सूचनांची प्रत द्यावी’ असे मागावे.

उपायाकडून कारणाकडे

कारणांची चर्चा थेट हाती घेतली तर ती लांबते. त्यापेक्षा कोण कोणता उपाय सुचवतो ते आधी लिहावे आणि त्या उपायामागे कोणते कारण गृहीत धरले आहे, ते उलट दिशेने काढावे. ९ जून २०२५ रोजी दिवा ते मुंब्रा या टापूत दोन लोकल एकमेकींच्या शेजारून जात असताना दारातले प्रवासी खाली पडले आणि किमान चार जणांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी रेल्वेकडून स्वयंचलित दारांची घोषणा झाली. दार हा उपाय असेल, तर उघडे दार हे कारण ठरते. त्यावर प्रश्न आला की वातानुकूलन नसलेल्या भरगच्च डब्यात दार बंद झाल्यावर श्वास कसा घ्यायचा. मग जाळीची दारे, छतावरून हवा आत घेणारी यंत्रे आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याचा मार्ग असलेली रचना पुढे आली. म्हणजे आक्षेपाने उपाय बदलला आणि गुदमरणे ही गोष्ट प्रश्नाच्या व्याख्येत शिरली. फेऱ्या वाढवा म्हणणाऱ्याच्या लेखी कारण वेळापत्रकात असते, कार्यालयांच्या वेळा बदला म्हणणाऱ्याच्या लेखी घड्याळात, आणि मुंब्र्याच्या वळणावरील दोन रूळांमधील अंतर मोजा म्हणणाऱ्याच्या लेखी जमिनीवर. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये खुली झाल्यावरही गर्दीची तक्रार का संपली नाही, हा प्रश्न या सर्वांना विचारून पाहावा. प्रत्येकाचे उत्तर त्याच्या गृहीतकाची परीक्षा घेते.

कधी कधी दोन्ही बाजूंना प्रश्न मान्य असतो, आणि वाद तो सोडवण्याचा अधिकार कोणाचा यावर असतो. संमतीवयाचा, म्हणजे शरीरसंबंधासाठी मुलीचे किमान वय किती असावे याचा वाद आठवावा. १८९१ च्या कायद्याने मुलींचे संमतीवय दहावरून बारा वर्षांवर आणले. आगरकर, रानडे, भांडारकर कायद्याच्या बाजूने होते. टिळकांनी विरोध केला, पण मुलींचे लग्न सोळाव्या आणि मुलांचे विसाव्या वर्षाआधी करू नये असे बंधन समाजाने आपणहून पाळावे, हा प्रस्ताव त्यांचाच होता. परक्या सरकारने घरात शिरावे का, हा त्यांचा आक्षेप होता. आज गावठाणाच्या घरांचा सर्व्हे सिडकोने करावा, महापालिकेने करावा की महसूल खात्याने, यावर चालणारी ओढाताण याच जातीची आहे. ती ओळखली नाही, तर माणसे सभेत घराबद्दल भांडत आहेत असे वाटते, प्रत्यक्षात भांडण मोजपट्टी कोणाच्या हातात यावर असते.

अमेरिकेतच समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर यांनी १९७१ मध्ये सामाजिक प्रश्नाच्या वाटचालीचे पाच टप्पे सांगितले : तो पुढे येतो, त्याला मान्यता मिळते, त्यावर लोक एकत्र येतात, अधिकृत योजना ठरते आणि मग ती अमलात येते. शेवटच्या टप्प्यावर योजना पुष्कळदा ओळखू येणार नाही इतकी बदलते, हे त्यांचे निरीक्षण आपल्याकडे अधिकच लागू पडते. घरे नियमित करण्याचा शासन निर्णय निघाल्यावर वही बंद करू नये. गावठाणापासून किती अंतर, कोणती कट-ऑफ तारीख, किती मजले, किती शुल्क, या चार रकान्यांत मूळची ‘गरज’ किती उरली, ते सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे.

त्या वेळी आणखी एक यादी करावी, वादात ज्यांचा आवाज एकदाही ऐकू आला नाही त्यांची. गरजेपोटीच्या घरांच्या बाबतीत ही यादी भाडेकरूंपासून सुरू होते. घर नियमित झाले तर भाडे वाढेल आणि पाडले तर रातोरात सामान हलवावे लागेल, हे त्यांना माहीत असते. पण ते प्रकल्पग्रस्त नसल्यामुळे निवेदनात येत नाहीत, सदस्य नसल्यामुळे सोसायटीच्या सभेत येत नाहीत, आणि नोटीसही मालकाच्या नावाने निघते. त्यांना जाऊन भेटावे, आणि पहिला प्रश्न हा विचारावा की या सगळ्याला तुम्ही काय म्हणता, म्हणजे कोणता शब्द वापरता. तो शब्द आधीच्या यादीत नसेल, तर वहीत त्याच्यासाठी नवे पान घ्यावे.