आरमधला सी कोड अधूनमधून कोसळतो? आधी जीसीटॉर्चर लावा

समजा, गोव्याच्या बाराही तालुक्यांचा रोजचा पाऊस जुळवणारं तुमचं आर (आकडेवारीसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा) पॅकेज मध्येच सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावल्याची चूक) देऊन बंद पडतं आणि पुन्हा चालवलं तर सुरळीत चालतं. अशा वेळी सांगे-सत्तरीच्या आकड्यांवर संशय घेत बसू नका. बहुतेकदा सी कोडमध्ये एखादं ऑब्जेक्ट प्रोटेक्ट करायचं, म्हणजे ‘हे वापरात आहे’ अशी खूण करायचं, राहून गेलेलं असतं. पुढे मेमरी मागणाऱ्या एखाद्या अ‍ॅलोकेशनला गार्बेज कलेक्टर (वापरात नसलेली मेमरी मोकळी करणारा) चालतो आणि ते साफ करतो. तो नेमका कधी चालेल याचा भरवसा नाही.

म्हणून त्याला मुद्दाम चालवा. जीसीटॉर्चर हे आरमधलं फंक्शन चालू असताना प्रत्येक अ‍ॅलोकेशनला कलेक्शन होतं, त्यामुळे लपलेला दोष लवकर उघडा पडतो. वेग मात्र फारच मंदावतो. सी फंक्शनच्या कॉलआधी ते चालू करा, नंतर लगेच बंद, आणि अख्ख्या मोसमाऐवजी फोंड्याच्या दहाच ओळी द्या.

मग मेकव्हार्स फाइलमध्ये (इथे सी कोडचे कंपायलर पर्याय असतात) ऑप्टिमायझेशन शून्यावर आणून पॅकेज पुन्हा बसवा आणि आर जीडीबी या डीबगरखाली सुरू करा. ऑप्टिमायझेशन शून्यावर आणायची पायरी गाळू नकाच. ओ-टू या ऑप्टिमायझेशन पातळीवर नेमकं हवं तेच व्हेरिएबल ‘ऑप्टिमाइज्ड आउट’ दिसतं. बॅकट्रेसमधली (कोसळतानाच्या फंक्शन कॉल्सची यादी) ओळ बळी असते, गुन्हेगार नव्हे: तिथलं ऑब्जेक्ट कुठे तयार झालं, तिथपर्यंत मागे जा.

‘स्टॅक इम्बॅलन्स’ची, म्हणजे प्रोटेक्ट आणि अनप्रोटेक्ट (ती खूण काढणं) यांचा आकडा जुळत नसल्याची, सूचना आली तर अनप्रोटेक्टचा आकडा तपासा, विशेषतः फंक्शन मधूनच रिटर्न होतं तिथे.