वळणावर मेलेलं इंजिन सरळ रस्त्यावर फुटतं

इंजिनाचं काम शिकायला येणाऱ्यांना नवं इंजिन जुळवताना बघायचं असतं. फोर्ज्ड पिस्टन, तीन वेबर कार्ब्युरेटरची रांग, डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढत जाणारी रेघ. हौस कळते, मलाही तीच होती. पण जुन्या स्पोर्ट्स कारच्या या धंद्यात टिकायचं असेल तर फुटलेली इंजिनं उघडायला शिका. जुळवायला शिकवणारे पुष्कळ भेटतील. फुटलेलं वाचायला शिकवणारा क्वचित भेटतो, आणि भेटला तर बहुधा खडूस असतो. सहन करा त्याला.

क्लिअरन्स, म्हणजे दोन भागांमधली फट, कसा मोजायचा, रॉड बोल्ट कसे कसायचे, कार्ब्युरेटर कसा जुळवायचा हे तुम्हाला येतं असं धरून चालते. इथे मी एकाच ठिकाणी घुटमळणार आहे, कारण तिथे मी फसले आणि माझ्याहून जुनी, जाणती माणसंही फसली.

उदाहरण एका डॅटसन २४०झेडचं. १९६९ च्या अखेरीस आलेली ही गाडी मुळात २,३९३ सीसीची. एका ओळीत सहा सिलिंडर, क्रँकला, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याला, सात मेन बेअरिंग, म्हणजे खालचा भाग चांगला दणकट. आमच्याकडे आलेल्या गाडीत मूळचं फारसं काही उरलं नव्हतं. निस्सानच्याच एलडी२८ डिझेल इंजिनाचा ८३ मिमी स्ट्रोकचा (पिस्टनचा वर-खाली प्रवास) क्रँक, पिस्टन आणि क्रँक जोडणारे १३३ मिमीचे रॉड, ८९ मिमी बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. हिशेब केला तर ३,०९८ सीसी होतात. या घराण्याच्या इंजिनांसाठी ही जुनी, पुष्कळांनी वापरलेली जुळणी आहे, त्यात वावगं काही नाही. शिवाय कडक सस्पेन्शन आणि ट्रॅकवरचे मऊ, चिकट टायर. टायर लक्षात ठेवा.

इंजिन फुटलं ते ट्रॅकच्या सर्वांत लांब सरळ पट्ट्यावर, ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला असताना. ब्लॉकच्या कुशीला मूठ जाईल एवढं भगदाड, त्यातून अर्धा रॉड बाहेर आलेला. इंजिनाच्या तळाच्या ऑईल चेंबरमध्ये पिस्टनचे तुकडे आणि एका रॉड बोल्टचे दोन भाग.

निदान भगदाड बघता बघताच झालं. आरपीएम, म्हणजे क्रँकच्या मिनिटाला फेऱ्या, जास्त घेतले, बोल्ट तुटला. आकडेही या निदानाच्या बाजूने उभे राहतात, हीच तर गंमत आहे. या मापांच्या इंजिनात ७,००० आरपीएमला पिस्टन वरच्या टोकाला पोहोचून मागे फिरतो तेव्हा त्याला गुरुत्वाच्या जवळपास तीन हजार पट हिसका बसतो. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचं वरचं टोक मिळून पाऊण किलो धरा. मग रॉडच्या दोन बोल्टांवर मिळून सव्वादोन टनांच्या आसपास ओढ येते, आणि ८,००० ला ती तीन टनांच्या जवळ जाते. आरपीएम थोडे वाढले की ओढ वर्गाने वाढते, हे कुठलंही पुस्तक सांगतं. एवढा पुरावा हाताशी असताना दुसरं काही शोधायचं कोणाच्या मनात येत नाही. तुटक्या भागांच्या पिशवीवर चिठ्ठी लावली ती मीच: ‘ओव्हर-रेव्ह’.

मग नवा ब्लॉक, महागातले रॉड, त्याहून महाग बोल्ट, आरपीएमला मर्यादा घालणारा रेव्ह लिमिटर खाली आणलेला. आणि पुन्हा तोच पट्टा, पुन्हा तसंच भगदाड.

दुसऱ्या वेळी आमच्या वस्तादांनी तुटलेल्या रॉडकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “अगं, मेलेल्याची साक्ष काय काढतेस? जे वाचलेत त्यांना विचार.” उरलेल्या पाच रॉडांचे बेअरिंग शेल (रॉड आणि क्रँक यांच्यामधल्या अर्धगोल पट्ट्या) त्यांनी टेबलावर ओळीने मांडायला लावले. वरचा शेल वर, खालचा खाली, पाठीवर मार्करने नंबर.

ते शेल अजून डोळ्यांसमोर आहेत. चांगल्या थ्री-लेअर बेअरिंगला पोलादी पाठ असते, तिच्यावर तांबं-शिशाचा थर आणि सर्वांत वर करड्या रंगाचा मऊ मुलामा, एका मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही पातळ. पाचही जोड्यांवर मधोमध हा करडा मुलामा पुसून गेला होता आणि खालचं तांबं चमकत होतं. कडेला मुलामा ओघळून पसरलेला, नखाने खरवडला तर सुटत होता. तुटलेल्या रॉडचा क्रँकवरचा जर्नल, म्हणजे बेअरिंग ज्यावर बसतं तो गुळगुळीत भाग, निळा पडला होता. पोलादावर तो रंग यायला तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं. नुसता बोल्ट तुटला असता तर जर्नलला निळं पडायचं काही कारण नव्हतं, आणि शेजारच्या पाचांना तर नव्हतंच नव्हतं. थोडक्यात, सहाही रॉड तेलाविना तडफडत होते. एक आधी गेला, बाकीचे रांगेत उभे होते.

बोल्टही तेच सांगत होता. थकव्याने तुटलेल्या बोल्टाच्या तोंडावर बहुतेक वेळा सपाट, गुळगुळीत भाग दिसतो आणि त्यावर ओहोटीच्या रेघांसारख्या कमानी असतात. आमचा बोल्ट मानेशी बारीक झालेला, वाकलेला, तोंड खडबडीत आणि करडं. बेअरिंग गेल्यावर बिग एंडमध्ये, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकात, मोकळी जागा झाली, प्रत्येक फेरीला घणाचे घाव बसले आणि बोल्ट ओढून, वाकवून तोडला गेला. बोल्ट तुटणं हा शेवटचा प्रसंग होता.

तेल कुठे गेलं? इथे टायर येतात.

गाडी वळणात असताना चेंबरमधलं तेल बाहेरच्या बाजूला चढतं. किती, ते सरळ गणित आहे. बाजूचा जोर १ जी, म्हणजे गुरुत्वाएवढा, असेल तर तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांत कलतो. त्या काळच्या साध्या टायरवर अशी गाडी पाऊण जीच्या आसपास घसरायला लागते. चेंबर २५ सेंमी रुंद धरला तर दोन भिंतींवरच्या तेलाच्या पातळीत साधारण १९ सेंमीचा फरक पडतो. चिकट टायरवर हीच गाडी १.१ जी सहज काढते, आणि मग फरक साडेसत्तावीस सेंमी. एवढी उंची चेंबरला नसतेच. तेल भिंत चढून क्रँककडे जातं, पिकअपची, म्हणजे पंपाच्या तेल ओढणाऱ्या नळीची, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. कारखान्याने चेंबर आणि त्यातले पडदे त्यांच्या काळच्या टायरांसाठी बनवले होते, त्यांचं काही चुकलं नव्हतं. टायर आम्ही बदलले, चेंबर तसाच ठेवला.

दुसरी गोष्ट वेळेची. रस्त्यावरचं वळण पटकन संपतं. ट्रॅकवरचं लांब वळण कित्येक सेकंद चालतं, आणि वरच्या आरपीएमला पंप सेकंदाला अर्ध्या लिटरच्या घरात तेल ओढू शकतो. चेंबरमध्ये सगळं मिळून चार-पाच लिटर, त्यातलं बरंचसं तेव्हा वर सिलिंडर हेडमध्ये आणि भिंतींवर. करा हिशेब.

मग इंजिन वळणावरच का फुटत नाही? कारण वळणात भार कमी असतो. तिथे मुलामा थोडासा पुसला जातो, एवढंच. ट्रॅकच्या पुढच्या फेरीला आणखी थोडा. क्लिअरन्स वाढतो, बेअरिंगच्या कडेने तेल जास्त सांडतं, ते आणखी तापतं. आणि रॉड बेअरिंगचा नंबर तेलाच्या वाटेत शेवटचा: गॅलरी (ब्लॉकमधली तेलाची मुख्य वाट), मेन बेअरिंग, क्रँकमधलं छिद्र आणि मग रॉड. अशा अवस्थेत ड्रायव्हर वळणातून बाहेर पडतो, ॲक्सिलरेटर तळाला नेतो आणि सव्वादोन टनांची ओढ त्या उघड्या तांब्यावर येते. फुटायचं ठिकाण सरळ पट्टा, म्हणून सगळे सरळ पट्ट्यावरची कारणं शोधतात. आरपीएम, बोल्ट, रॉड, ड्रायव्हर. मी हे पुन्हापुन्हा सांगते म्हणून वर्कशॉपमधले कंटाळतात. कंटाळू देत.

२४०झेड याच मॉडेलने पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली १९७१ मध्ये जिंकली आणि १९७३ मध्ये पुन्हा, तेव्हा चाकावर शेखर मेहता होते. एवढी खडतर रॅली जिंकणाऱ्या इंजिनाला ट्रॅकचं कसलं भय, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. माती-चिखलात टायर घसरतात, एकाच दिशेला सलग मोठा जोर येतच नाही. तो छळ वेगळा, हा वेगळा.

डायनोबद्दल माझं मत कडवट आहे, ते ऐकून घ्या. डायनोवर गाडी वळत नाही. तासन्‌तास फुल थ्रॉटलवर टिकलेलं इंजिन पहिल्या लांब वळणात उपाशी राहू शकतं. डायनोचा कागद भिंतीवर लावायला बरा. इंजिन टिकेल याचा तो दाखला नव्हे.

आणि शॉर्टकट. जास्त क्षमतेचा ऑईल पंप बसवा, असं तुम्हाला पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगेल. पिकअप उघडा पडत असेल तर मोठा पंप चेंबर आणखी लवकर रिकामा करतो. जाड तेल घाला, असं दुसरा सांगेल. त्याने प्रेशरचा काटा वर दिसतो खरा, पण प्रेशर म्हणजे वाहण्याला होणारा अडथळा. काटा वर आहे म्हणून बेअरिंगपर्यंत पुरेसं तेल पोहोचतंय असं नाही. अर्धा लिटर तेल जास्त भरा, हा तिसरा सल्ला. हा अगदीच टाकाऊ नाही, थोडी मदत होते. पण प्रमाण चुकलं तर क्रँक ते तेल घुसळतो, फेस करतो, आणि फेस दाबला जातो, बेअरिंगला उचलून धरत नाही. मी हे तीनही केलेलं पाहिलंय, तीनही वेळा सांगणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं.

खरं काम कंटाळवाणं आहे. चेंबरमध्ये पिकअपभोवती पेटी करायची, तिला एकाच बाजूला उघडणाऱ्या झडपा लावायच्या, म्हणजे तेल आत येईल पण बाहेर पळणार नाही. क्रँकखाली विंडेज ट्रे, म्हणजे तेल क्रँकपासून दूर ठेवणारा पत्रा. पिकअपची जाळी आणि चेंबरचा तळ यांतलं अंतर साधारण ६ ते १० मिमी ठेवायचं. ते अंदाजाने ठरवू नका. जाळीवर मॉडेलिंग क्लेचा गोळा चिकटवा, गास्केटसकट चेंबर कसा, पुन्हा काढा, गोळा ब्लेडने कापा आणि जाडी मोजा. मग क्लेचा कणही मागे राहू देऊ नका. पिकअप बोल्टने बसत असेल तर तिथलं गास्केट नवं घाला, कारण तिथूनही हवा ओढली जाते. याच्या पुढची पायरी ऑईल अक्युम्युलेटर: प्रेशर पडलं की साठवलेलं तेल काही सेकंद पुरवतो. त्याहून पुढे ड्राय संप, म्हणजे तेल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत. पोर्शे ९११ मध्ये तो १९६४ पासून आहे, तिथे ही कटकटच कमी. जुन्या वेट संपच्या, म्हणजे चेंबरमध्येच तेल ठेवणाऱ्या, इंजिनाला तो बसवणं मात्र खर्चाचं आणि जागेचं काम आहे, सगळ्यांना लागतोच असं नाही.

डॅशबोर्डवरच्या प्रेशर गेजवर भिस्त ठेवू नका. वळणात ड्रायव्हर काट्याकडे बघत नसतो, आणि क्षणभर पडलेला काटा तो बघेपर्यंत वर आलेला असतो. मूळचा दिवा प्रेशर जवळपास संपल्यावरच लागतो. प्रेशर २५-३० पीएसआयपर्यंत उतरलं की लागणारा स्विच आणि डोळ्यांत घुसेल असा दिवा बसवा, आणि प्रेशर सेन्सर आकडे नोंदवणाऱ्या लॉगरला जोडा. बाजूच्या जोराची रेघ आणि प्रेशरची रेघ एकावर एक ठेवली की कुठल्या वळणात खड्डा पडतो ते दिसतं. दिवा लागला तर काय करायचं ते ड्रायव्हरशी आधीच ठरवा: क्लच दाबायचा, इग्निशन बंद, रेसिंग लाइन सोडायची. ७,००० आरपीएमला क्रँकची एक फेरी साडेआठ मिलिसेकंदांत होते, तेव्हा विचार करायला सवड नसते.

हे वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. लीन मिश्रणाने पिस्टन जळणं, व्हॉल्व्ह फ्लोट, क्रँक डॅम्पर सुटणं, फुटण्याच्या तऱ्हा अनेक आहेत आणि पहिल्या वर्षी त्या सगळ्या कळायची गरज नाही. तुम्हाला सुरुवातीला भाग धुवायचंच काम देतील. त्याचा कमीपणा वाटून घेऊ नका, पुरावा सर्वांत आधी तुमच्याच हाती येतो. फक्त लगेच धुऊ नका. आधी फोटो, मग नंबर, प्रत्येक सिलिंडरची वेगळी पिशवी, चेंबरमधला गाळ गाळून ठेवलेला. ऑईल फिल्टर कटरनेच उघडा. हॅकसॉने कापलात तर ब्लेडचा कीस आत पडेल आणि तोच पुरावा म्हणून वाचत बसाल. फिल्टरच्या आतल्या कागदाच्या घड्या उलगडून बघा, चुंबक फिरवा: चिकटलं ते पोलाद किंवा बीड, न चिकटणारं तांबूस बहुधा बेअरिंगचं. चिठ्ठीवर कारण लिहू नका, दिसलं तेवढंच लिहा.

वर्कशॉप निवडताना ट्रॉफ्यांचं कपाट बघून भुलू नका. तुटलेले भाग दाखवा म्हणा. ‘आमची इंजिनं फुटत नाहीत’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. मागच्या फळीवर चिठ्ठ्या लावलेले रॉड, शेल, पिस्टन दिसले तर पगार थोडा कमी असला तरी राहा, आणि पहिल्याच आठवड्यात फिल्टर कापायचं काम मागून घ्या.