अज्जींच्या हाताखाली शिकलेला डोसा

रविवारी सकाळी आठला डोसा खायचा असेल, तर शनिवारी सकाळी अकराला तांदूळ पाण्यात पडलेले असले पाहिजेत. हे आधीच सांगतो, कारण डोसा बिघडला की सगळे तव्याला दोष देतात. माझ्या अनुभवात दहातले सात डोसे आदल्या दिवशीच बिघडलेले असतात, उडीद वाटताना.

बँकेच्या नोकरीत माझी साडेतीन वर्षं कर्नाटकातल्या दावणगेरेला गेली. वरच्या मजल्यावर मी, खाली घरमालकीण अज्जी. तिथला बेण्णे दोसे, म्हणजे लोण्याचा डोसा, गावाची ओळख आहे. तो कागदासारखा पातळ नसतो. लहान, जरा जाडसर, बाहेरून कुरकुरीत आणि आत मऊ, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. अज्जी घरी तोच करायच्या आणि मी दारात उभा राहून बघायचो. दोन-तीन महिन्यांनी त्यांनी मला आत बोलावून वाटणाला बसवलं.

माप असं : 3 वाट्या इडलीचा उकडा तांदूळ, 1 वाटी साल काढलेले अख्खे उडीद, 1 छोटा चमचा मेथीदाणे, 2 मोठे चमचे हरभरा डाळ आणि 1 वाटी चुरमुरे. चुरमुरे ही दावणगेरेची खूण. ते नसतील तर अर्धी वाटी जाड पोहे घ्या. मेथीने पीठ हलकं होतं, हरभरा डाळीने डोशाला तांबूस रंग चढतो. 150 मिलीच्या वाटीने मोजलंत तर मध्यम आकाराचे वीसेक डोसे होतात. उडदाची डाळ जुनी नसावी. डब्यात वर्षभर पडलेली डाळ कितीही वाटली तरी फुगत नाही, तिथे पैसे वाचवू नका.

तांदूळ आणि हरभरा डाळ एका पातेल्यात 5 ते 6 तास भिजू द्या. उडीद आणि मेथी दुसऱ्या भांड्यात, 4 तास पुरे. दोन्ही आधी तीन-चार पाण्यांनी धुवा, कारण उडदाचं भिजवलेलं पाणी टाकायचं नाही. ते गाळून फ्रिजमध्ये ठेवा, वाटायला तेच वापरायचंय.

आता वाटण. अज्जींकडे दगडी ग्राइंडर होता, त्यात उडीद अर्धा तास फिरायचे आणि थंडच राहायचे. आपल्या मिक्सरचं पातं गरम होतं, भांडं गरम होतं आणि वाटण कोमट झालं की फुगवटा बसतो. सुरुवातीला मी खोलीवर मिक्सरमध्ये सगळे उडीद एकदम घालून सलग फिरवायचो. पीठ चिकट व्हायचं, डोसा चामड्यासारखा यायचा आणि मी तांदळाचं प्रमाण बदलत बसायचो. अज्जींनी भांड्याला बाहेरून हात लावला आणि म्हणाल्या, ‘नोडप्पा (बघ बाबा), हे तापलंय.’ तेवढंच.

तेव्हापासून मी उडीद दोन घाण्यांत वाटतो. फ्रिजमधलं गार पाणी दोन-दोन चमचे घालत, अर्धा मिनिट फिरवायचं, मिनिटभर थांबायचं, कडेचं खाली ओढायचं, पुन्हा फिरवायचं. एका वाटीला सगळं मिळून सव्वा वाटीच्या आसपास पाणी लागतं, पण एकदम कधीच ओतू नका. उडदात चिकट द्रव्य असतं आणि प्रथिनं असतात. वाटताना ती हवा धरून ठेवतात, पुढे आंबताना तयार होणारा वायूही तीच कोंडून धरतात. पीठ पांढरंशुभ्र, चकचकीत, फेटलेल्या लोण्यासारखं झालं पाहिजे. वाटीत पाणी घेऊन त्यात एक थेंब सोडा. तरंगला तर झालं, बुडाला तर आणखी फिरवा. ही परीक्षा मी आजही चुकवत नाही.

तांदूळ आणि हरभरा डाळ मात्र बिनधास्त वाटा. चुरमुरे पाच मिनिटं भिजवून, पिळून त्यातच घाला. बोटांत बारीक रव्यासारखं लागलं की थांबा. अगदी गुळगुळीत केलंत तर कुरकुरीतपणा जातो.

दोन्ही पिठं मोठ्या पातेल्यात एकत्र करून हाताने दोन-तीन मिनिटं कालवा. हाताच्या उबेनेच पीठ आंबतं असं बरेच जण सांगतात. खरं तर आंबवणारे जिवाणू डाळ-तांदळाबरोबरच येतात. हाताने कालवल्याने पीठ तळापर्यंत एकजीव होतं, हा खरा फायदा. सोडा लागत नाही, यीस्टही नको. पातेलं अर्धंच भरा, झाकण सैल ठेवा. खोलीत 28 ते 30 अंश असेल तर 8 ते 10 तासांत पीठ दुप्पट होतं. थंडीत 14-15 तासही लागतात; तेव्हा पातेलं बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा, किंवा कोमट पाण्याच्या परातीत. उन्हाळ्यात मी मीठ रात्रीच घालतो, त्याने आंबणं मंदावतं, म्हणजे पीठ फार आंबट होत नाही. थंडीत मात्र सकाळी घालतो.

सकाळी लागेल तेवढंच पीठ दुसऱ्या भांड्यात काढा, रात्री घातलं नसेल तर मीठ घाला, पळीवरून सलग धार पडेल इतकं सैल करा. जोरात घोटू नका, रात्रभर जमलेली हवा निघून जाते. फ्रिजमधलं पीठ असेल तर अर्धा-पाऊण तास बाहेर राहू द्या.

तवा बिडाचा असावा आणि डोशासाठी वेगळा ठेवावा; ज्या तव्यावर पोळ्या भाजता त्यावर डोसा चिकटतो. मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं तापवा आणि पाण्याचे थेंब शिंपडा. थेंब बसून राहिले तर तवा गार आहे. मोत्यांसारखे घरंगळत पळाले तर फार तापलाय, अशा तव्यावर पीठ पसरत नाही, पळीलाच गुंडाळून येतं. चर्र होऊन दोन-तीन सेकंदांत उडाले की तवा तयार. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवा आणि तव्यावर घासा. तेलाचा नुसता हात लागला पाहिजे. थारोळं झालं तर पीठ घसरतं. दर डोशाआधी पाणी शिंपडून सुती फडक्याने पुसा, म्हणजे तवा पुन्हा त्याच तापमानाला येतो.

आच कमी करून मधोमध पळीभर पीठ घाला आणि पळीच्या बुडाने, दाब न देता, आतून बाहेर गोल फिरवत न्या. बेण्णे दोसे हवा असेल तर तळहाताहून थोडा मोठा झाला की थांबा. मग आच वाढवा. वरचा ओला चकाकणारा भाग सुकला आणि जाळी दिसू लागली की चमचाभर लोणी कडेने आणि वर सोडा. कडा आपोआप सुटतात. त्या सुटायच्या आत उलथनं घालू नका. जाडसर डोसा मी अर्ध्या मिनिटासाठी उलटतो, पातळ असेल तर उलटत नाही. माझा एखादा डोसा मधेच फाटला की अज्जी म्हणायच्या, ‘एल्लर मने दोसेनू तूते’, सगळ्यांच्याच घरच्या डोशाला भोकं असतात.

चटणीला ओलं खोबरं, डाळं, हिरवी मिरची, आल्याचा तुकडा. भाजी उकडलेल्या बटाट्याची, फिकी, कांदा-मोहरीची. दावणगेरेला लोणी हीच मुख्य चव असते, म्हणून भाजीत मसाला घालत नाहीत. म्हैसूरकडची लाल लसणाची चटणी आतून लावायची असेल तर लोणी थोडं कमी करा, दोन्ही एकमेकांना मारतात.

उरलेलं पीठ फ्रिजमध्ये तीन दिवस छान राहतं. तिसऱ्या दिवशी ते आंबट लागायला लागतं, तेव्हा डोसे काढत बसू नका. बारीक चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर आणि खोबऱ्याचे तुकडे मिसळून आप्पेपात्रात घाला. तिकडे त्याला पड्डू म्हणतात, आणि आंबट पिठाचेच ते अधिक चांगले होतात.